बिघडलेला टीबी, सहा महिन्यांच्या गोळ्या आणि मामेसासऱ्यांचे कान

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. धाकटा दीर, वय २७, भिवंडीत यंत्रमागावर कामाला. दोन महिने खोकला, वजन उतरून ४३ किलोवर आलं, बेडका तपासला तर टीबी निघाला आणि रिपोर्टवर ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड’ असा शिक्का, म्हणजे रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला त्याचे जंतू दाद देत नाहीत. सरकारी डॉक्टर म्हणतात, चार गोळ्यांचा नवा कोर्स आहे, सहा महिन्यांत बरा होईल. घरात मात्र कुणाचा विश्वास बसत नाही, कारण तुमच्या मामेसासऱ्यांना पंधरा वर्षांपूर्वी असाच ‘बिघडलेला’ टीबी झाला होता. त्यांना दोन वर्षं औषधं घ्यावी लागली, महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचून घ्यावी लागली, आणि टीबी गेला पण कान गेले. तेव्हा तुमचे प्रश्न असे: सहा महिन्यांचं खरं आहे का? याचेही कान जातील का? पैसे घालून खाजगीत करावं का? घरात चार आणि नऊ वर्षांची मुलं आहेत, त्यांचं काय? आणि मे महिन्यात धरलेलं लग्न?

छातीच्या आजारांवर काम करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवर. आधी सरळ उत्तर देतो. सहा महिन्यांचं खरं आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही ती चार औषधं. इंग्रजी आद्याक्षरांवरून दवाखान्यात सगळे या कोर्सला ‘बीपाल-एम’ म्हणतात. उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत त्याची जुन्या उपचारांशी समोरासमोर तुलना झाली. नव्या कोर्सच्या गटात ८९ टक्के रुग्णांचा निकाल चांगला लागला, जुन्या उपचारांच्या गटात ५२ टक्के. फरक इतका ठळक होता की ठरलेली रुग्णसंख्या पूर्ण होण्याआधीच नवीन रुग्ण घेणं थांबवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या डिसेंबरात हा कोर्स मार्गदर्शक सूचनांत घेतला आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ च्या सप्टेंबरात त्याला मंजुरी दिली. म्हणजे तुमच्या दिरावर कुणी प्रयोग करत नाहीये.

आता कानांचं. मामेसासऱ्यांना दिलं ते बहुधा कानामायसिन असणार. त्या काळी आठवड्याचे सहा दिवस एक सुई, असं सहा ते नऊ महिने चालायचं. आतल्या कानात ध्वनी पकडणाऱ्या केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या या औषधाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात उंच स्वरांपासून होते. माझा एक रुग्ण होता, शिंपीकाम करणारा. तिसऱ्या महिन्यात म्हणाला, ‘डॉक्टर, मशीनचा आवाज बदललाय, तेल कमी पडतंय वाटतं.’ मी हसलो. त्या वेळी कानाची तपासणी दर महिन्याला व्हायला हवी हे पुस्तकात होतं. आमच्याकडे ते यंत्रही नव्हतं आणि ती सवयही. मशीनला तेल पुरेसं होतं. पाचव्या महिन्यात त्याला बायकोचं बोलणं ऐकू येईनासं झालं. इंजेक्शनं लिहून दिलेल्या त्या कागदावर सही माझी होती, आणि तुमच्या पत्रातला मामेसासऱ्यांचा मजकूर वाचताना मला तोच आठवला.

कानामायसिन आणि कॅप्रिओमायसिन देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८-१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्यानंतर आपल्याकडेही हा उपचार संपूर्ण गोळ्यांवर आला. दिराच्या कोर्सात एकही इंजेक्शन नाही.

या गोळ्या आपल्यापर्यंत पोचल्या त्यामागे कान गमावलेल्यांचाच हात आहे, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ च्या शेवटी मान्यता मिळाली. टीबीसाठी म्हणून जवळपास चाळीस वर्षांत आलेलं ते पहिलं नव्या जातीचं औषध. भारतात ते २०१६ पासून मोजक्या केंद्रांत मिळू लागलं, पण एकाच कंपनीच्या हाती. मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होतं, तर कंपनीने औषधाच्या क्षाररूपावर आणखी चार वर्षं मागितली. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. दोघीही टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि उपचारांतच दोघींची ऐकण्याची शक्ती गेलेली. २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला आणि दुसऱ्या कंपन्यांना हे औषध बनवायची वाट मोकळी झाली.

कोर्स सुरू होण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. तुमच्याकडचा रिपोर्ट सीबीनॅट किंवा ट्रूनॅटचा असेल. ट्रूनॅट हे यंत्र गोव्याच्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. बेडक्यात टीबी आहे का आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो का, हे या तपासण्या काही तासांत सांगतात. त्यापुढचा रिपोर्ट ‘एलपीए’चा. तो मोठ्या प्रयोगशाळेतून येतो, थोडे दिवस लागतात, आणि त्यात मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं लागू पडतात की नाही ते कळतं. लागू पडत नसतील तर चौथं औषध वगळून उरलेल्या तिघांवर कोर्स चालवता येतो. त्यामुळे औषधं सुरू झाली तरी ‘एलपीए आला का?’ हे विचारत राहा, त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि हा रिपोर्ट वाकडा येण्याचं एक कारण आपल्या गल्लीतच असतं. खोकला झाला की औषधाच्या दुकानातून किंवा घाईत असलेल्या दवाखान्यातून पाच दिवस लिव्होफ्लॉक्सासिन, बरं वाटलं नाही की अजून सात दिवस. त्याने टीबी तात्पुरता दबतो, बेडक्यात सापडत नाही, आणि जंतूंना त्या कुळातल्या औषधांशी झुंजायची तालीम मिळते. दिराला त्या दोन महिन्यांत काय काय दिलं गेलं त्या चिठ्ठ्या सापडल्या तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

हा कोर्स सगळ्यांना चालतो असंही नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला, मेंदूच्या, हाडांच्या किंवा अंगभर पसरलेल्या टीबीला तो देत नाहीत. दिराला फुप्फुसाचाच आहे म्हणता, तेव्हा ही अडचण यायचं कारण नाही.

गोळ्यांचा हिशोब मी रुग्णांना कागदावर मांडून दाखवतो. पहिले दोन आठवडे रोज सात: बेडाक्विलिनच्या चार, बाकीच्या तिघांची एकेक. मग चोवीस आठवडे बेडाक्विलिन आठवड्यातून तीनच दिवस, दोन-दोन. बाकीची तीन रोज. एकूण ७४६ गोळ्या. जोडीला बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी असते ती वेगळी. मामेसासऱ्यांनी दोन वर्षांत किती हजार गिळल्या असतील, त्यांनाच विचारा. सगळ्या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या, चहा-बिस्किटावर नाही. बेडाक्विलिन भरल्या पोटी, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणात घेतलं तर उपाशीपोटीच्या जवळजवळ दुप्पट अंगी लागतं.

आता ज्याच्यासाठी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसलो ते. साधारण दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस दिराला एकदम बरं वाटेल. खोकला थांबेल, भूक लागेल, मालकाचा फोन येईल की माग रिकामा आहे, ये. त्या सुमारास गोळ्या सोडणारे मी खूप पाहिलेत. जुन्या औषधांतही ते वाईटच होतं, पण नव्यात जास्त वाईट आहे, आणि त्याचं कारण समजून घेतलं की घरातलं माणूस जास्त कडक राहतं असा माझा अनुभव आहे.

टीबीला एका औषधाने मारता येत नाही. कोट्यवधी जंतूंमध्ये थोडे असे असतातच की त्यांना ते एक औषध चालत नाही. म्हणून चार जण चार बाजूंनी लावायचे. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो. गोळ्या बंद केल्या की लिनेझोलिड, प्रेटोमॅनिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही तिन्ही काही दिवसांत शरीराबाहेर पडतात. बेडाक्विलिन मात्र पेशींत मुरून बसतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेपाच महिने लागतात. म्हणजे दिराने तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या तर पुढे कित्येक महिने त्याच्या फुप्फुसात उरलेले जंतू आणि पातळ होत जाणारं एकटं बेडाक्विलिन, असा सामना चालणार. इतक्या मंद माऱ्यात जंतू औषध पचवायला शिकतात. मग तो टीबी बेडाक्विलिनलाही जुमानत नाही, आणि पुढच्या उपचारांसाठी आमच्या हातात फार थोडं उरतं. असे रुग्ण आता दिसू लागले आहेत. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०११ च्या शेवटी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, तेव्हा तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा टीबी दाद देत नव्हता. ‘टोटली रेझिस्टंट’ हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत गाजला. नव्या औषधांनी आपण त्या कोपऱ्यातून बाहेर आलो. परत तिथे जायची वाट अर्धवट सोडलेल्या कोर्समधूनच जाते.

कोर्स सोडावासा वाटायचं दुसरं कारण म्हणजे त्रास, आणि या कोर्समध्ये त्रास देणारं मुख्य औषध लिनेझोलिड. ते जंतूंचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. पण आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारी जी केंद्रं असतात, त्यांची प्रथिनं बनवायची पद्धत जंतूंसारखीच आहे. तीही या औषधाने मंदावतात. परिणाम दिसतो तो मज्जातंतूंवर, रक्तावर आणि डोळ्यांवर. सुरुवातीच्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम द्यायचे, तेव्हा दहातल्या आठ जणांना हातापायांत मुंग्या-बधिरपणा आला. नंतरच्या अभ्यासात ६०० मिलिग्रॅमवर आणलं तर हे प्रमाण २४ टक्क्यांवर उतरलं, रक्तावरचा परिणाम २ टक्क्यांवर, आणि गुण तरीही ९१ टक्क्यांना आला. आता सगळीकडे ६०० चाच डोस आहे. पण २४ टक्के म्हणजे चारात एक, हे लक्षात ठेवा.

घरी काय बघायचं ते सांगतो. ‘तळपायाखाली वाळू असल्यासारखं वाटतंय’, ‘चप्पल निसटली ते कळलंच नाही’, असं काही दीर बोलला की ते थकवा म्हणून झटकू नका, त्याच आठवड्यात केंद्रावर न्या. डोळ्यांसाठी दर रविवारी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावा, मग दुसरा डोळा. सुट्ट्यांचे लाल आकडे एका डोळ्याला फिके, विटकरी दिसायला लागले तर तो इशारा समजा. लवकर पकडलं तर दृष्टी बहुतेक वेळा परत येते, उशीर झाला तर सांगता येत नाही. डॉक्टर अशा वेळी लिनेझोलिडचा डोस निम्मा करतात किंवा काही दिवस थांबवतात. पहिल्या नऊ आठवड्यांत मात्र शक्यतो पूर्ण डोस द्यायचा प्रयत्न असतो, म्हणून हा निर्णय घरी घ्यायचा नाही. चारातली एकच गोळी गुपचूप बाजूला काढणारे रुग्ण असतात. मी बिनदिक्कत पाकिटं मोजतो, तुम्हीही मोजा.

रक्त कमी झालं की घरातलं कुणीतरी लोहाचं टॉनिक आणतंच. इथे गंमत अशी आहे की लोह आणि ॲसिडिटीची पातळ औषधं मॉक्सिफ्लॉक्सासिनला पोटातच बांधून ठेवतात, ते रक्तात खूप कमी पोचतं. आणि लिनेझोलिडने होणारा रक्ताचा त्रास लोहाने भरून निघतही नाही, कारण तिथे कमतरता लोहाची नसते. तेव्हा टॉनिक विचारल्याशिवाय नको. दारू सहा महिने पूर्ण बंद, यकृतासाठी. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनने हृदयाच्या ठोक्यांची लय थोडी लांबते, म्हणून अधूनमधून ईसीजी काढतात; चक्कर येऊन पडला किंवा छातीत धडधड झाली तर तपासणीची तारीख यायची वाट बघू नका.

खाण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, ‘पथ्य काय?’ पथ्य नाही, ताई, उलट खायला घाला. झारखंडमध्ये या प्रश्नावर मोठा अभ्यास झाला. तिथे २,८०० रुग्णांना दर महिन्याला दहा किलोंचा शिधा दिला, आणि त्यांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांपैकी एका गटालाही तांदूळ-डाळ दिली. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे घरच्यांना नवा टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, संसर्गजन्य टीबीचं ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळीने! कुठल्या लशीने मोठ्या माणसांत एवढं केलं असतं तर आपण पेढे वाटले असते. रुग्णांमध्येही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. दिराच्या ४३ किलोंचे ५ टक्के म्हणजे दोन किलोंहून थोडं जास्त. अंडी चालत असतील तर रोज दोन, नाहीतर डाळ, उसळ, शेंगदाणे, फुटाणे, दूध. महागडा प्रोटीनचा डबा नको, त्या पैशात महिनाभराची अंडी येतात. टीबीच्या रुग्णांसाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तीत २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात; निक्षय आयडीला, म्हणजे रुग्णाच्या सरकारी नोंदणी क्रमांकाला, बँक खातं जोडलं आहे ना, हे आशाताईंकडून बघून घ्या. बऱ्याचदा घोडं तिथेच अडतं.

मुलांसाठी ताट-वाटी वेगळी केली असं तुम्ही लिहिलंय. ती एकत्र धुतली तरी चालतील. टीबी ताटातून पसरत नाही, हवेतून पसरतो. दिराला उजेडाच्या, खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत झोपवा, सुरुवातीचे काही आठवडे त्याने मास्क लावावा. औषधं लागू पडली की दुसऱ्याला बाधा देण्याची ताकद झपाट्याने उतरते. दोन्ही मुलांची तपासणी आणि छातीचा एक्स-रे मात्र आत्ताच करा, खोकला नसला तरी. त्यांना टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन सहा महिने देता येतं. दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममधल्या दोन अभ्यासांचे आकडे एकत्र केल्यावर धोका जवळपास ६० टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारस केली. होय, दुकानातून खोकल्यासाठी घेऊ नका म्हटलं तेच औषध. टीबी आहे की नाही हे न बघता पाच-सात दिवस घेणं आणि टीबी नाही याची खात्री करून ठरावीक मुदत घेणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दिराच्या एलपीएचा निकाल इथेही लागतो, तो घेऊनच मुलांबद्दल विचारा.

खाजगीत जायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. ही औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, आणि बाहेर मिळाली तरी दर महिन्याचा कल्चर (बेडक्यातले जंतू अजून वाढतात का ते बघणारी तपासणी), ईसीजी, रक्त हे सगळं कुणी पाठीस लागून करून घेत नाही. रांग आहे, कर्मचारी कधी खेकसतात, साठा संपल्याचंही मी पाहिलंय. जास्त खात्री हवी असेल तर खाजगी छातीच्या डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्या, पण औषधं आणि नोंद केंद्रावरचीच ठेवा.

राहता राहिलं लग्न. तारीख पुढे ढकला. सव्वीस आठवड्यांचा कोर्स काही रुग्णांत एकोणचाळीसपर्यंत लांबवतात, आणि तो लांबणार का हे साधारण चौथ्या महिन्याच्या कल्चरवर ठरतं. तो निगेटिव्ह आला की नवी तारीख धरायला हरकत नाही, पण कोर्स संपल्यानंतरची. मुलीकडच्यांना आत्ताच, स्पष्ट शब्दांत सांगा. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं आहे, ते लपवून कसं जाणार? पुढे मूलबाळ होईल ना, ही शंका तुम्ही आडून विचारलीत. प्रेटोमॅनिडने उंदरांच्या वृषणांवर परिणाम झाला होता, म्हणून ती शंका रास्तच. पण हे औषध घेतलेल्या पुरुषांच्या संप्रेरकांच्या तपासण्यांत तसं दिसलेलं नाही.

आणि मामेसासऱ्यांना दिराचा कोर्स सुरू व्हायच्या आधी भेटा. ते घाबरलेत आणि त्यांचं बघून दीर घाबरलाय. बोलून त्यांना कळायचं नाही, तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा: यात सुई नाही.